निर्वासित आणि बहिष्कृत : भंडारा जिल्ह्यातील दोन शोध

अस्मितेचा प्रश्न आपल्याकडे बहुधा एकाच अंगाने चर्चिला जातो. ज्याला धर्माने माणूस मानले नाही, ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला, त्याने आपले माणूसपण कसे शोधले, हा त्या चर्चेचा गाभा असतो. आपल्या चळवळीच्या दृष्टीने ते स्वाभाविकच आहे. परंतु या प्रश्नाला दुसरेही अंग आहे. ज्याची भूमी गेली, ज्याची भाषा बोलणारी माणसे चार-पाच देशांत विखुरली, ज्याच्या नातवंडांना आजोबांचे गाव केवळ ऐकून माहीत आहे, तो माणूस 'मी कोण?' या प्रश्नाचे उत्तर कोठे शोधतो? भूमी असून गावकुसाबाहेर राहिलेला आणि भूमीच हिरावली गेलेला, या दोघांचे शोध एकमेकांना काही सांगू शकतात काय?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. तो मला माझ्या जिल्ह्याने विचारला आहे. पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील गोठणगाव-प्रतापगड परिसरात, तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि हा तालुका तिकडे गेला. तरी तिबेटी लोकांच्या बोलण्यात ती आजही 'भंडारा वसाहत'च आहे. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला तुमसर. तेथून निघणारी रेल्वेची शाखा मध्यप्रदेशातील बालाघाट जिल्ह्याच्या तिरोडीला जाते. त्या तिरोडीत १९६९ पासून एक चिनी सैनिक स्थायिक झाला. एकाच मुलखात, एकाच झाडीपट्टीच्या दोन टोकांना, चीनच्या सत्तेपासून पळालेले तिबेटी आणि चीनच्याच फौजेतून वाट चुकून आलेला चिनी येऊन राहिले. आणि या दोघांच्या मध्ये आपण होतो : १९५६ नंतर बौद्ध झालेले, पिढ्यान्पिढ्या याच मातीत राबलेले आणि तरीही येथले न मानले गेलेले.

१९७२ हे वर्ष

गोठणगावची ही वसाहत १९७२ मध्ये वसली. तिचे नाव नोरग्येलिंग. तिबेटी भाषेत 'लिंग' म्हणजे स्थान, भूमी. संपत्तीची वृद्धी करणारी भूमी असा त्या नावाचा आशय. ज्यांच्या हाती काहीही उरले नव्हते अशा माणसांनी आपल्या नव्या वस्तीला हे नाव दिले, यातच त्यांची सारी आशा दिसते.

१९७२ हे वर्ष महाराष्ट्राच्या इतिहासात आपण वेगळ्या कारणांनी लक्षात ठेवले आहे. त्या वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे पूर्ण होत होती आणि ते स्वातंत्र्य कोणाचे, हा प्रश्न दलित तरुण उघडपणे विचारू लागला होता. राज्यावर भीषण दुष्काळ कोसळला होता. आणि याच वर्षी पवनीच्या उत्खननाचा अहवाल नागपूर विद्यापीठाने प्रसिद्ध केला. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी केलेल्या उत्खननात जगन्नाथ टेकडीखालून मौर्य-सातवाहन काळातील स्तूप उजेडात आला होता. एकीकडे आपल्या पायाखालच्या मातीतून बुद्ध वर येत होता, दुसरीकडे हिमालयापलीकडून बुद्धाचे नाव घेत काही माणसे त्याच मातीवर उतरत होती. या दोन घटनांचा परस्पर संबंध नव्हता. पण इतिहासाने त्या एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षात शेजारी-शेजारी ठेवल्या. त्यांचा एकत्र विचार करणे हे आपले काम आहे.

ल्हासा ते गोठणगाव

१० मार्च १९५९ रोजी ल्हासात उठाव झाला. १७ मार्चच्या रात्री चौदावे दलाई लामा ल्हासातून निघाले आणि ३१ मार्चला भारताच्या हद्दीत आले. त्यांच्या मागोमाग सुमारे ऐंशी हजार माणसे हिमालय ओलांडून आली. त्यांना आधी आसामातील मिसामारी आणि बंगालमधील बक्सा येथील छावण्यांत ठेवण्यात आले. बक्सा हा इंग्रजांच्या काळातील तुरुंग. तेथे कोंदट जागेत ठेवलेल्या भिक्खूंपैकी कित्येक क्षयाने गेले. धडधाकट माणसांना हिमाचल, सिक्कीम अशा डोंगरी भागांत रस्त्यांच्या कामावर लावले गेले. आईबाप खडी फोडत आणि मुले रस्त्याच्या कडेला धुळीत. ज्या समाजाच्या बायका आजही दुसऱ्याच्या बांधकामावर घमेली वाहतात, त्या समाजाच्या वाचकाला हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे शेतीवर आधारलेल्या वसाहती उभारण्याचे ठरले. कर्नाटकातील बैलकुप्पे ही त्यांपैकी पहिली, १९६० च्या सुमाराची. मग सरगुजातील मैनपाट, ओडिशातील चंद्रगिरी, कर्नाटकातील मुंडगोड, आणि १९७२ मध्ये आपल्याकडील गोठणगाव. बर्फाच्या पठारावर जवाची शेती आणि याकचे कळप सांभाळणारी माणसे धानाच्या बांधीत उतरली. पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा, इटियाडोहचे पाणी, आजूबाजूला गोंड आदिवासींची गावे, कानांवर झाडीबोली. जवाच्या पिठाच्या त्सम्पाऐवजी ताटात भात आला. शेती पुरेना म्हणून हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरोशहरी जाण्याची रीत पडली. आपल्याकडील शहरांत थंडी सुरू झाली की फुटपाथवर लोकरी कपड्यांची जी दुकाने लागतात, त्यांच्यामागे ही कहाणी आहे. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला तो विकणारा 'नेपाळी' वाटतो. त्याचे नाव, गाव, देश कोणी विचारीत नाही. ओळख पुसली जाण्याचा हा रोजचा, साधा प्रकार आहे.

वसाहतीत माझे अनेकदा जाणे झाले. तेथील वृद्धांच्या बोलण्यातून एक गोष्ट सतत जाणवते. पहिल्या पिढीने ही वस्ती कायमची मानलीच नव्हती. दोन-चार वर्षांत परत जाऊ, या समजुतीने त्यांनी घरे बांधली. तिसऱ्या पिढीला मात्र परत जायचे म्हणजे कोठे, हेच ठाऊक नाही. तो मुलगा हिंदी बोलतो, बाजारापुरती मराठी बोलतो, घरात तिबेटी बोलतो, आणि त्याचा मामा किंवा काका कॅनडात नाहीतर स्वित्झर्लंडमध्ये असतो. स्वित्झर्लंडने १९६० च्या दशकात तिबेटी निर्वासितांना घेतले. कॅनडाने १९७० च्या दशकाच्या आरंभी काहींना वसवले. अमेरिकेने १९९० च्या कायद्यान्वये एक हजार तिबेटींना प्रवेश दिला आणि मग त्यांची कुटुंबे गेली. २००९ मध्ये तिबेटी निर्वासितांची जी गणना झाली, तीत सुमारे एक लाख अठ्ठावीस हजार माणसे नोंदली गेली. त्यांपैकी सुमारे चौऱ्याण्णव हजार भारतात होती. त्यानंतर भारतातील संख्या घटत गेली आहे. वसाहतींतून तरुण बाहेर पडतात आणि म्हातारी माणसे मागे राहतात. एक घर चार देशांत विभागले गेले की त्या घराची संस्कृती कोणत्या देशात राहते?

तिरोडीचा चिनी

तिरोडीच्या सैनिकाची कहाणी याहून एकाकी आहे. तिबेटींना निदान एक वस्ती होती, एक मठ होता, आपल्या भाषेत भांडायला शेजारी होता. याला काहीच नव्हते. १९६२ च्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, चिनी फौजेतील हा भूमापक भारताच्या हद्दीत सापडला. निरनिराळ्या तुरुंगांत त्याची सहा-सात वर्षे गेली. १९६९ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने सुटका झाल्यावर त्याला तिरोडीत आणून सोडण्यात आले. मँगनीजच्या खाणींचे हे गाव. आपल्या तुमसर तालुक्यातील चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील खाणींचाच हा पट्टा. तेथे त्याने पीठगिरणीत काम केले. गावाने त्याला दुसरे, जिभेला सोपे पडणारे नाव दिले. त्याने गावातीलच मुलीशी लग्न केले, मुले झाली, ती हिंदी बोलत मोठी झाली. भारताने त्याला नागरिकत्व दिले नाही आणि मायदेशी जाण्याची वाटही दिली नाही. चीनचा पासपोर्ट त्याला मिळाला २०१३ मध्ये. प्रत्यक्ष मायभूमीत पाऊल पडले २०१७ च्या फेब्रुवारीत, चोपन्न वर्षांनी. तोवर आई वारली होती.

या माणसाला शत्रू म्हणावे काय? तो सम्राट नव्हता, सेनापती नव्हता. एका गरीब शेतकऱ्याच्या घरातून फौजेत गेलेला तो तरुण होता. राष्ट्रांच्या भांडणात साधा माणूस कसा भरडला जातो, याचे तो उदाहरण आहे. आणि तो एकटा नव्हता. १९६२ मध्ये भारतात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना आसाम-बंगालमधून उचलून राजस्थानातील देवळीच्या छावणीत कोंडण्यात आले. त्यांत येथेच जन्मलेली मुले होती, म्हातारी माणसे होती. काहींना तेथे कित्येक वर्षे काढावी लागली. त्यांचा गुन्हा एकच : चेहरा.

कलकत्त्याच्या टांगरा भागातील हक्का चिनी लोकांचा इतिहास तर आपण विशेष लक्ष देऊन वाचण्यासारखा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून ते कातडी कमावण्याच्या धंद्यात शिरले. का शिरले? कारण हिंदू समाजाने तो धंदा अपवित्र मानून चर्मकारांच्या माथी मारला होता. सवर्णाला तो नको होता आणि चर्मकाराच्या हाती भांडवल नव्हते. जातिव्यवस्थेने रिकामी ठेवलेली जागा परक्याला मिळाली. म्हणजे या देशात येणाऱ्या परक्याचे स्थानही अखेर जातीच्या चौकटीतच ठरते. त्याला देश स्वीकारतो की नाही, हा नंतरचा प्रश्न. जात त्याला आधी कोठेतरी बसवते.

पंचशील : विहारातले आणि तहातले

भंडारा जिल्ह्याचा तिबेटशी संबंध १९७२ मध्ये आला असे आपण समजतो. माझ्या मते तो अठरा वर्षे आधीच, १९५४ मध्ये आला होता. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत आणि चीन यांच्यात तिबेटविषयीचा करार झाला. त्यात तिबेट हा 'चीनचा तिबेट प्रदेश' म्हणून मान्य केला गेला आणि कराराच्या प्रास्ताविकातील पाच तत्त्वांना पुढे 'पंचशील' हे नाव मिळाले. त्याच दिवसांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवीत होते. राखीव जागेवर ते पराभूत झाले, काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता विजयी झाले. भंडाऱ्याने बाबासाहेबांना लोकसभेत पाठवले नाही, हा सल आपल्या जिल्ह्याने आजही बाळगला आहे.

परंतु बाबासाहेब राज्यसभेत होते, आणि २६ ऑगस्ट १९५४ रोजी त्यांनी तेथे परराष्ट्र धोरणावर भाषण केले. पंचशील हा बौद्ध धर्माचा अविभाज्य भाग आहे आणि माओंची त्यावर श्रद्धा असती तर त्यांनी स्वतःच्या देशातील बौद्धांना वेगळ्या रीतीने वागवले असते, असा त्यांचा रोख होता. चीनला ल्हासाचा ताबा घेऊ देऊन भारताने चीनची सरहद्द आपल्या दाराशी आणून ठेवली आहे, हा इशाराही त्यांनी दिला. पाच वर्षांनी ल्हासा जळाले, आठ वर्षांनी युद्ध झाले.

आपल्या विहारांत रोज पंचशील म्हटले जाते. आपली लहान मुले ते पाठ म्हणतात. त्याच शब्दाखाली एक देश दुसऱ्याच्या स्वाधीन झाला, आणि त्या देशातील माणसे आपल्या शेजारी राहायला आली. सत्ताधारी वर्ग आपले शब्द उचलतो आणि त्यातील नीती काढून घेतो, याचे याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही.

जमिनीचा प्रश्न

आता एका अवघड प्रश्नाकडे वळतो. तो आपल्या कार्यकर्त्यांत कुजबुजीने विचारला जातो, म्हणून तो उघड मांडणे बरे. 'परदेशातून आलेल्यांना सरकार जमीन देते, आणि येथल्या भूमिहीनाला गायरानाचा तुकडाही मिळत नाही, हे कसे?'

या प्रश्नामागे इतिहास आहे. ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला. लाखो माणसे तुरुंगात गेली. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यातील एक प्रमुख मागणी. तुरुंगातून ती माणसे रिकाम्या हाताने परतली. झाडीपट्टीत बौद्ध शेतमजूर आजही मालगुजारांच्या वारसांच्या बांधीत रोवणी करतो, बिड्या वळतो, तेंदूपाने तोडतो. जंगलातील गोंडाला आपल्याच जमिनीचा पट्टा मिळवण्यासाठी २००६ च्या वनहक्क कायद्याची वाट पाहावी लागली. अशा मुलखात आठ वर्षांच्या अंतराने निर्वासितांना जमीन मिळाली, तेव्हा माणसाच्या मनात कडवटपणा आला तर त्याला दोष देता येणार नाही.

परंतु हा कडवटपणा कोणाकडे वळवायचा, याचा विवेक केला पाहिजे. पहिली गोष्ट, निर्वासितांना जमीन कसायला मिळाली, मालकीने नाही. दुसरी गोष्ट, त्यांच्या वसाहतीने एक सत्य निर्विवाद सिद्ध केले : शासनाच्या मनात आले तर जमीन सापडते, रस्ता होतो, शाळा होते, दवाखाना होतो. जमीन नाही हे उत्तर खोटे आहे. इच्छा नाही, हे खरे उत्तर आहे. तेव्हा निर्वासिताच्या बांधीकडे बोट दाखवण्याऐवजी त्या बांधीचा दाखला देऊन शासनाला जाब विचारणे, ही आपली भूमिका असली पाहिजे. परक्या पीडिताला आपल्या पीडितापुढे उभे करणे हा येथल्या व्यवस्थेचा जुना डाव आहे.

तिबेटातील राग्याबा

पीडिताविषयी सहानुभूती म्हणजे त्याच्या परंपरेची आरती नव्हे. जुन्या तिबेटात सारे काही मंगल होते, हे चित्र आपल्याला मान्य करता येणार नाही. ल्हासात राग्याबा नावाचा एक समाज होता. प्रेते वाहून नेणे आणि गिधाडांसाठी त्यांचे तुकडे करणे, हे त्याचे काम. त्याची वस्ती वेगळी. लोहार आणि खाटीक हेही हीन मानले जात. त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार नसे. बहुसंख्य शेतकरी जमीनदारांच्या, मठांच्या आणि सरकारच्या जमिनीला बांधलेले होते. बुद्धाच्या नावाने चालणाऱ्या समाजात हे होते. मेलेली ढोरे ओढण्यासाठी ज्याला गावकुसाबाहेर ठेवले, त्या महाराच्या मुलाने राग्याबाचा इतिहास वाचला तर त्याला तो परका वाटणार नाही.

येथे आपल्यातील काही डाव्या मित्रांचा युक्तिवाद पुढे येतो : चीनने तिबेटातील भूदास मुक्त केले, मग तक्रार कशाची? चीनचे सरकार २००९ पासून २८ मार्च हा दिवस 'भूदासमुक्ती दिन' म्हणून पाळते. या युक्तिवादाला बाबासाहेबांनी आधीच उत्तर दिले आहे. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. दुःख आणि शोषण नाहीसे करणे हे ध्येय त्यांनी दोघांतही पाहिले. फरक मार्गाचा आहे, असे ते म्हणाले. बळाने लादलेली समता बळ हटताच कोसळते आणि मनुष्याचे स्वातंत्र्य आधीच गिळून टाकते. गुलामाला साखळीतून काढून त्याची जीभच कापली, तर त्याला मुक्त म्हणता येत नाही. राग्याबाची मुक्ती राग्याबाच्या हातून व्हायला हवी होती. महाडचे पाणी आपल्या ओंजळीने प्यायलेल्या समाजाला हे सांगावे लागू नये.

दुसऱ्या बाजूने निर्वासनाने तिबेटी समाजाला काय शिकवले, तेही पाहिले पाहिजे. निर्वासितांनी १९६० मध्ये आपली निवडून दिलेली प्रतिनिधीसभा स्थापन केली. १९६३ च्या त्यांच्या घटनेच्या मसुद्यात दलाई लामांचे अधिकार काढून घेण्याची तरतूद होती. २०११ मध्ये दलाई लामांनी राजकीय सत्ता सोडून ती निवडून आलेल्या नेत्याकडे सोपवली. जे ल्हासात शतकानुशतके घडले नाही, ते छावण्यांत आणि वसाहतींत घडले. भूमी गेल्यावर परंपरेचे काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे ठरवण्याची सक्ती त्या माणसांवर आली. ही सक्ती क्लेशकारक होती, पण तिच्यातून नवे काही जन्मले.

दोन बौद्ध, एक पवनी

आपण बौद्ध आहोत आणि तेही बौद्ध आहेत. तरी गेल्या पन्नास वर्षांत दोघांचे फारसे जमले नाही, हे मान्य करू या. त्यांची शाक्यबुद्धाची पौर्णिमा कित्येक वर्षी आपल्या वैशाख पौर्णिमेच्या महिनाभर नंतर येते. त्यांच्या मठात पुनर्जन्म पावलेल्या लामांना मान आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात आत्म्याच्या पुनर्जन्माची कल्पना साफ नाकारली आहे. त्यांच्या दृष्टीने आपण नवखे, आपल्या दृष्टीने ते कर्मकांडात गुंतलेले. १९५६ च्या अखेरीस २५०० व्या बुद्धजयंतीसाठी दलाई लामा भारतात आले होते. नागपूरची धम्मदीक्षा नुकतीच झाली होती. ते भारतात असतानाच ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दोन बौद्ध समाजांच्या इतिहासातील ही भेट अपुरीच राहिली.

ती भेट पुढे न्यायची असेल तर पवनीहून चांगली जागा नाही. पवनीच्या स्तूपाच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी या मुलखातील साध्या माणसांनी बुद्धासाठी दगड दिले आणि त्यावर आपले नाव लिहिले. सातव्या शतकात चिनी भिक्खू ह्युएन त्संग कोसल देशात आला आणि नागार्जुनाची स्मृती त्याने येथे ऐकली. त्या देशाची राजधानी भांदक की सिरपूर, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण तो याच वनप्रदेशाच्या आसपास फिरला. ६२९ मध्ये निघालेला हा चिनी प्रवासी सोळा वर्षे देशोदेशी हिंडून ६४५ मध्ये परतला. परत जाताना त्याने ग्रंथ नेले. पुढे त्याच्याच अनुवादांतून आणि तिबेटी अनुवादांतून, भारतात नष्ट झालेले कितीतरी बौद्ध वाङ्मय जगाला परत मिळाले. आपल्या पूर्वजांची वाणी येथे जाळली गेली, गाडली गेली. ती परदेशी माणसांच्या भाषेत जगली. तेव्हा अस्मिता म्हणजे आपल्या रक्ताची आणि आपल्या मातीचीच गोष्ट, हे समीकरण निदान आपण तरी मानू नये. आपले जे सर्वांत मोलाचे, ते परक्यांनी सांभाळले आहे.

कागदाची अस्मिता

निर्वासिताच्या आणि बहिष्कृताच्या आयुष्यात कागदाला विलक्षण महत्त्व असते. तिबेटी माणसाकडे नोंदणीचे पुस्तक असते, ज्याला तो 'आर.सी.' म्हणतो. ते ठराविक काळाने नवे करून घ्यावे लागते. परदेशी जायचे तर पासपोर्टऐवजी पिवळ्या रंगाचे ओळखपत्र. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने भारतीय नागरिक असते, हा कायदा असूनही तिबेटींना तो लागू आहे हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगावे लागले. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने त्यांची नावे मतदारयादीत घेण्याचे निर्देश दिले. त्यावर वसाहतींत वाद झाला. मत द्यावे की देऊ नये? भारतीय झालो तर तिबेटच्या मुक्तीचा दावा सोडल्यासारखे होईल काय? आईबापांनी जपलेले निर्वासितपण मुलांनी टाकावे काय?

हा वाद वाचताना मला आपला वाद आठवतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे, असे ठरवले. १९५६ मध्ये आपण धर्म सोडला आणि केंद्राच्या सवलती गमावल्या. १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती होईपर्यंत चौतीस वर्षे आपला बौद्ध माणूस कागदावर काय लिहावे, या पेचात होता. बौद्ध लिहिले तर नोकरी जाते, हिंदू महार लिहिले तर स्वाभिमान जातो. जनगणनेत एक, दाखल्यावर दुसरे, विहारात तिसरे. तिबेटी तरुणाचा पेच आणि आपला पेच अगदी एकच नाही. पण राज्यसंस्था माणसाला स्वतःचे नाव स्वतः सांगू देत नाही, हे दोहोंतील साम्य खरे आहे.

घर कोणाचे?

अखेरीस खैरलांजीविषयी बोलल्याशिवाय भंडारा जिल्ह्यात घर, भूमी आणि ओळख यांविषयी बोलणे अप्रामाणिक ठरेल. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियंका, मुले सुधीर आणि रोशन यांना गावच्या जमावाने ठार मारले. भैय्यालाल भोतमांगे एकटे उरले आणि २०१७ मध्ये तेही गेले. या कुटुंबाकडे थोडी शेती होती. त्या शेतातून रस्ता नेण्याचा वाद होता. मुलगी शिकत होती. हे कुटुंब बौद्ध होते आणि मान खाली घालून वागत नव्हते. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. हा गुन्हा जातीतून घडला, असे मात्र न्यायालयांनी मानले नाही.

भोतमांगे कुटुंब निर्वासित नव्हते. त्यांच्याकडे मतदानाचा हक्क होता, सातबारा होता, जातीचा दाखला होता, देशाचे नागरिकत्व होते. तिबेटी माणसाला जे जे मिळालेले नाही ते सारे त्यांच्याकडे होते, आणि तरीही त्यांना आपल्या घरात जगता आले नाही. निर्वासिताला वाटते, भूमी मिळाली की घर मिळेल. बहिष्कृताला अनुभवाने कळलेले असते की भूमी आणि घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजारी ज्याला माणूस मानतो, त्यालाच घर असते.

म्हणून सांस्कृतिक अस्मितेचा शोध म्हणजे हरवलेल्या सुवर्णकाळाचा शोध, असे मला वाटत नाही. तिबेटी माणूस जुन्या तिबेटात परत जाऊ शकत नाही. त्या तिबेटात राग्याबाही होता. आपण पेशवाईपूर्व कोठल्याही गावगाड्यात परत जाऊ इच्छीत नाही. तिरोडीच्या चिनी माणसाची दोन घरे झाली आणि दोहोंत तो पाहुणा ठरला. शोध पुढे करायचा असतो. त्याचे निकष आपण ठरवलेले आहेत : स्वातंत्र्य, समता, बंधुता, आणि ही तीन मूल्ये आपण बुद्धाकडून घेतली, असे बाबासाहेबांनी निक्षून सांगितले आहे.

आपल्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना एक काम सुचवतो. गोठणगावच्या वसाहतीत १९५९ ची वाट तुडवून आलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. आपल्या गावांत १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांसाठी सायकलवर प्रचार केलेली, १९५६ ला बैलगाडीने नागपूरला गेलेली माणसेही फार थोडी उरली आहेत. दोघांच्याही आठवणी लिहून ठेवणारे कोणी नाही. एका वहीत एका बाजूने यांच्या आणि दुसऱ्या बाजूने त्यांच्या आठवणी टिपल्या, त्या त्यांच्या बोलीत टिपल्या, तारखा आणि गावांची नावे तपासून टिपल्या, तर झाडीपट्टीचा खरा इतिहास आकाराला येईल. ही वही उशिरा सुरू करण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही. पावसाळा सरला, धानाची कापणी झाली आणि स्वेटरवाले शहरांकडे निघण्यापूर्वीचे चार दिवस मिळाले, की कामाला लागता येईल.